दुसऱ्याआधीचा उन्हाळा

आज सकाळी गल्लीत डांगरांची हातगाडी आली आणि गाडीवाल्याच्या आवाजाआधी वासच घरात शिरला. मी कणकेचे हात तसेच घेऊन दारात गेले. डांगर डोळ्यांनी निवडायचं नसतं. देठाकडची बाजू नाकाशी धरायची, एक मोठा श्वास घ्यायचा, की आत साखर आहे की नुसतं पाणी ते कळतं. खरबुजाला आम्ही नागपूरकडची माणसं डांगर म्हणतो. एका उन्हाळ्यात पुण्याची मैत्रीण माझ्याकडे उतरली होती. "डांगर खातेस का?" म्हटलं, तर तिला वाटलं मी पापडाच्या लाट्या देते आहे. वाटीत तेल मागायला लागली!

दुपारी दोन्ही मुली ताटाभोवती बसल्या. सुजाता आता मॅट्रिकला जाईल, तरी मोठी फोड कोणाची यावरून चौथीतल्या गौतमीशी तिची हमरीतुमरी चाललेली. "आई, हिनं माझ्या फ्रॉकवर बिया थुंकल्या!" "थुंकल्या नाही, उडाल्या." नंदनवन वस्तीतल्या आमच्या या घराच्या खिडकीत कूलर घरघरत होता, भिजलेल्या वाळ्याचा वास खोलीभर होता, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी त्या दोघींचं भांडण सोडवायला उठणार, तोच मला जाणवलं की ते सोडवावंसंच वाटत नाही. भांडू देत. एका उन्हाळ्यात सुजाताला भांडायला कोणी नव्हतं. गौतमी असावी की नसावी एवढा प्रश्नच फक्त होता.

सत्तरचं दशक मध्यावर आलं होतं. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. कानाला हेडफोन, पुढ्यात भोकाभोकांचा बोर्ड. दिवा लागला की कॉर्ड उचलायची, खोचायची, "नंबर प्लीज" म्हणायचं. ट्रंक कॉल जोडून दिला की लाइन नीट लागली का ते क्षणभर ऐकावं लागे. त्या क्षणभरात लोकांच्या घरातलं किती काय काय कानावर पडायचं! कोणी गेल्याचं, कोणाचं लग्न ठरल्याचं, आणि दर दोन-चार दिवसांनी कोणीतरी आनंदाने ओरडायचं, "दुसरी पण मुलगीच झाली, दोघी खुशाल आहेत!" मी कान काढून घ्यायची. माझ्या हातून सगळ्या विदर्भाची बाळं जन्माला येत होती आणि चहाच्या सुट्टीत शेजारच्या खुर्चीवरची विचारायची, "सुलोचना, तुझं काय? सुजी चार वर्षांची झाली की!"

"बघते," मी म्हणायची.

घरी सासूबाई होत्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. नवरा लवकर गेला, चार लेकरांतलं एकच जगलं, ते म्हणजे माझे यजमान मनोहर. बिड्या वळून आत्याबाईंनी त्यांना वाढवलं, शिकवलं, वीज कंपनीत फिटर केलं. सुजाता अंगणात एकटी खेळताना दिसली, की तेंदूच्या पानावर कातर चालवता चालवता त्या म्हणायच्या, "पाह्य वं, एकटीच बोलून राहिली भिंतीशी. भांडायले तरी कोणी पाहिजे लेकराले."

"बघू, आत्याबाई."

सरकारी दवाखान्यांच्या भिंतींवर तेव्हा कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण रंगवलेले असायचे आणि सरकारही दोन-तीन पुरे म्हणत होतं. म्हणजे एकच पुरे म्हणणाऱ्या बाईला ना घरात पाठिंबा, ना दारात, ना सरकार दरबारी. दिवस राहू नयेत म्हणून मी लूप बसवून घेतलेला होता. धंतोलीतल्या ज्या डॉक्टरीणबाईंनी तो बसवला, त्या तपासणीच्या वेळी म्हणाल्या, "काढायचा असेल तेव्हा सांगा. घाई नाही, पण कधीतरी ठरवा."

"बघते," मी त्यांनाही म्हटलं.

मनोहर मात्र काही विचारत नव्हते. पण शेजारचं तान्हं बाळ त्यांनी घेतलं, की ते परत देताना त्यांचे हात जरा रेंगाळायचे. लोकांचं विचारणं मी झटकू शकत होते. ते रेंगाळणारे हात झटकता येत नव्हते.

कोणालाच सांगता येईना असं कारण माझ्याकडे होतं. दुखण्याची भीती मला नव्हती. बाळंतपण कठीण गेलं नव्हतं. कठीण गेलं ते नंतरचं.

माझं माहेर नागपूरजवळच्या कन्हानचं. बाबा कोळशाच्या खाणीत कामाला. नदीपासून जवळ आमचं कौलारू घर, पुढे अंगण, अंगणात विहीर. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाप्रमाणे सुजाताला घेऊन मी दवाखान्यातून कन्हानला आले. थंडीचे दिवस होते. माय मला शेक देई, अंग रगडे, डिंकाचे लाडू पुढे ठेवी. मी खायची. बाळ रडलं की घ्यायची. दूध येत होतं. शरीर आपलं काम बिनबोभाट करत होतं, फक्त मी तिथे नव्हते. बाळाचं रडणं मला दुसऱ्या आळीतून आल्यासारखं ऐकू यायचं. तिचं तोंड पाहिलं की वाटायचं, हे कोणाचं तरी लेकरू आपल्याकडे ठेवायला दिलं आहे, आणि ज्याचं आहे तो येऊन ते घेऊन का जात नाही? भेटायला येणाऱ्या बाया म्हणत, "किती शांत बाळंतीण आहे बाप्पा!"

आणि दुपारी सगळे पांगले, की मी विहिरीच्या काठाशी जाऊन उभी राहायची. पाणी काढायला नाही. नुसतीच. खाली गप्प, गार, काळं पाणी. त्याच्याकडे बघितलं की मला बरं वाटायचं, आणि त्या बरं वाटण्याची मला जेवढी भीती वाटली तेवढी आजवर कशाचीच वाटलेली नाही.

कोणाला काय सांगणार? ताप असता तर त्याला नाव असतं. याला नाव नव्हतं. फार तर कोणी बाळंतवात म्हटलं असतं आणि आणखी एक काढा वाढला असता. मग जसं आलं तसं ते हळूहळू ओसरलं. सुजाता हसायला लागली, मी नागपूरला आले, कामावर रुजू झाले. पहिल्या दिवशी बोर्डवर दिवा लागला, मी "नंबर प्लीज" म्हटलं आणि स्वतःचा आवाज मला ओळखू आला. त्या दिवसापासून सुजाता माझी झाली. इतकी झाली, की ती कधी माझी नव्हती हे आठवलं तरी अंगावर काटा यायचा.

म्हणून तर भीती. एकदा त्या जागेहून परतले. पुन्हा गेले आणि वाट सापडली नाही तर? आणि आता तर माझ्याकडे बघायला एक चार वर्षांची मुलगीही घरात होती.

त्या उन्हाळ्यात रजा घेऊन मी सुजाताला कन्हानला नेलं. मे महिन्यातलं कन्हान म्हणजे सगळं पांढरं नाही तर काळं. नदीचं पात्र पांढरंशुभ्र, आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर कोळशाची बारीक काळी भुकटी. नदीला उन्हाळ्यात एका कडेने चिंचोळी धार राहायची. बाकी सगळी वाळू, आणि त्या वाळूत ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, डांगरवाड्या. वाळूत खड्डे खणून, खत घालून, डब्याडब्याने पाणी देऊन वाढवलेले वेल. तुराट्यांच्या खोपटांत माणसं राखण करायची. सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही तिघी जायचो. सुजाता पानं उचलून उचलून डांगर शोधायची आणि सापडलं की अशी किंचाळायची, की धारेतले बगळे उडायचे. एक बाई तिला म्हणाली, "ओढजो नको वं बाई. पिकलं का देठ आपल्यानंच सुटते." मला वाटलं, बाईमाणसाचंही असं असतं तर किती सोपं होतं! दिवस भरले, देठ सुटला, मन तयार. पण आपण काही डांगरं नव्हेत. आपल्याला कोणी वास घेऊनही सांगू शकत नाही की झाली ही तयार.

एका सकाळी नदीवरून आल्यावर माय विहिरीवर पाणी काढत होती. विहिरीला जाड फळ्यांचं झाकण होतं, अर्धं सरकवता येणारं, पण इतकं जड की माय दोन्ही हातांनी, पाय रोवून ते सरकवायची. सुजाता आत वाकून बघायला धावली, मी तिला दंडाला धरून मागे ओढलं आणि सहज म्हणाले, "माय, हे झाकण बरं बसवलं वं. लेकरं असतात अंगणात. कधी बसवलं होतं हे?"

"सुजी झाली तवा."

मला अंधुक आठवलं. त्या थंडीत एक सुतार आला होता, दिवसभर ठोकाठोकी चालली होती, आणि मग विहिरीपाशी जायचं माझं थांबलं होतं, कारण तिथे बघायला पाणीच उरलं नव्हतं. ते झाकण काही मला एकटीला हलणारं नव्हतं. त्या दिवसांत मी कशाचाच विचार करत नव्हते, त्याचाही केला नाही.

"सुजी झाली तवा?" मी म्हटलं. "तवा तं ती पालथीबी पडत नव्हती. मांजर पडली म्हणून बसवलं म्हणे ना तू?"

माय दोराची वेटोळी करत होती. तिने वर पाहिलं नाही.

"मांजर कोठची पडते विहिरीत."

"मंग कोणासाठी बसवलं?"

"माह्या पोरीसाठी."

मला आधी वाटलं ती सुजाताबद्दलच बोलते आहे. मग तिने दोर खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं, आणि तिची पोर कोण ते मला कळलं.

माझ्या हातात सुजाताचा दंड तसाच होता. तो सोडायचंही मला सुचेना. मी म्हटलं, "तुले माहीत होतं?"

"मी माय आहो तुही."

"मंग बोलली काहून नाही?"

"काय बोलू? वाटे, बोललं तं खरं होऊन जाईन. तुह्या बाबाले म्हटलं, सुताराले बोलवा. मले जे सुचलं ते केलं." मग भरलेली बादली बाजूला ठेवून ती ओट्यावर बसली. "तुह्या शेवंतामावशीचं आठवते काय तुले? तू लहान होती. विहिरीवर पाय घसरला म्हणून सांगतलं लोकाइनं. लेकरू तान्हं होतं तिचं. त्याच्या आधी मी तिले भेटायले गेली होती. माह्याकडे पाहे, पण मी दिसोच नाही तिले. मंग सुजी झाल्यावर तू तशीच पाहून राहिली होती. मी म्हटलं, बहिणीच्या वेळी मले समजलं नाही. आता समजते."

मी ओट्यावर तिच्या शेजारी बसले आणि रडले. चार वर्षांनी रडले. सुजाता ओल्या पायांनी पुढ्यात येऊन उभी राहिली. "आजी, आई काहून रडून राहिली?"

"डोळ्यात कचरा गेला तिच्या."

"कोळशाचा?"

"हो बाप्पा, कोळशाचा."

सुजाताने मोठ्या गंभीरपणे माझ्या डोळ्यावर फुंकर घातली. डांगराच्या वासाची, चिकट, गरम फुंकर.

त्यानंतरचे दोन-तीन दिवस मी नुसती झोपत होते. दुपारभर, पोटावर ओला टॉवेल टाकून, बाळासारखी. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या जागी मी एकटी होते, आणि एकटी होते म्हणून कोणाला सांगण्यात अर्थ नाही. आता कळत होतं की तेव्हाही कोणीतरी माझ्या मागे उभं होतं. तिच्याकडे शब्द नव्हते, म्हणून तिने फळ्या ठोकून घेतल्या. माझी भीती संपली नाही. पण ती फक्त माझी राहिली नाही, आणि वाटून घेतलेली भीती इतकी हलकी असते हे मला माहीतच नव्हतं.

रविवारी मनोहर आले. डोक्याला दुपट्टा गुंडाळून, बसच्या टपाने तापून लालबुंद होऊन. ऊन उतरल्यावर सुजाताला मायजवळ ठेवून आम्ही दोघं नदीवर गेलो. वाळू अजून चपलांतून चटके देत होती. धारेशी पाय सोडून बसलो, आणि मी त्यांना सगळं सांगितलं. विहिरीचंही.

ते पाण्यात बोटं फिरवत राहिले. मग म्हणाले, "मी तवा तुले भेटायले आलो होतो, तं तू मले 'बसा' म्हणाली. पाहुण्याले म्हणतात तसं. वापस जाताना मले वाटलं, माह्याच हातून काही चुकलं. कोणाले विचारू? तुले विचारायची हिंमत नाही झाली."

"तुमचं काही चुकलं नव्हतं."

"आता आयक," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "दुसरं नको. एक सुजी पुरे आहे आपल्याले. घरी मी सांगतो. कोणी तुले काही म्हणणार नाही."

चार वर्षं हेच वाक्य कोणीतरी म्हणावं म्हणून मी वाट बघत होते. ते ऐकल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण एवढंसंच, आणि लगेच त्याच्या पाठोपाठ असा राग आला की माझं मलाच नवल वाटलं.

"नको कोण म्हणालं?" मी म्हटलं.

ते दचकले. "मंग पाहिजे काय?"

"ते बी मी म्हटलं नाही."

"मंग म्हणून काय राहिली तू?"

"मी म्हणते, मले विचारा तं खरं! सगळ्या जगानं विचारलं. तुमी चार वर्षांत एकदा तरी विचारलं काय?"

"भेव वाटे," ते म्हणाले.

"कशाचं? मी नाही म्हणीन त्याचं?"

"नाही वं. तू हो म्हणशीन त्याचं. माह्या तोंडाकडे पाहून हो म्हणशीन, आन मंग तुले काही झालं तं?"

म्हणजे या माणसाला मूल हवं होतं, आणि ते मागायला तो घाबरत होता, कारण मी देईन! मला हसू आलं. मग त्यांनाही आलं. वरच्या बाजूच्या खोपटातून कोणी डोकावून बघितलं, की हे नवरा-बायको भर पात्रात हसताहेत कशाला.

नाही म्हणायची मोकळीक मिळाली आणि मग कुठे मला हो ऐकू यायला लागलं. आधी ते ऐकू येणंच शक्य नव्हतं, सगळे इतक्या मोठ्याने बोलत होते. पण त्या संध्याकाळी आम्ही काही ठरवलं नाही. एवढंच बोललो की ठरवलं आणि ते पुन्हा आलं, तर काय करायचं.

"त्याच दिवशी मले सांगायचं," मनोहर म्हणाले. "लपवायचं नाही. मी सुट्टी टाकीन. तुह्या मायले बोलावून घेऊ. डॉक्टरीणले आधीच सांगून ठेवू. आन आपल्या घरी कोठी विहीर आहे? नळ आहे. त्याले बी दिवसातून एकदाच पाणी येते."

असल्या गोष्टीवर हसावं का, मला माहीत नाही. पण मी हसले, आणि त्या विहिरीचा माझ्यावरचा ताबा त्या क्षणी बराच सैल झाला.

नागपूरला परतलो तेव्हा नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, सुरू होता. गुलमोहर भाजून निघाल्यासारखे लाल. मनोहरांनी आत्याबाईंना काय सांगितलं, कसं सांगितलं, मी ऐकलं नाही. मी स्वयंपाकघरात आंबा पिळत बसले होते, तिथे त्या आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"मले काहून नाही सांगतलं वं? मी काय वाघ आहो?"

"सांगता नाही आलं, आत्याबाई."

"हं," त्या म्हणाल्या. "माही तीन गेली तवा मले बी काहीच दिसे नाही. दिवस का रात्र समजे नाही. बिड्या वळत राहो नुसती. मले वाटे, मीच एकटी अशी." आणि पदराने घाम पुसून त्या आपल्या सुपाकडे परत गेल्या.

त्यानंतर त्यांनी भांडायला कोणी पाहिजे हे वाक्य पुन्हा कधी उच्चारलं नाही. उलट समोरची शेजारीण ओट्यावर येऊन बसली आणि "सुनेचं काही आहे का यंदा?" म्हणाली, तर आत्याबाई तिच्यावर उखडल्या. "तिचं ती पाहीन. तुमच्या चुलीवर दूध उतू जाऊन राहिलं, ते पाहा आधी." शेजारीण धावत गेली. दूध वगैरे काही उतू जात नव्हतं.

त्याच शेजारणीची मुलगी बाळंतपणाला आली होती. एके दिवशी शेजारीण सुजाताचे जुने मऊ कपडे मागायला आली. मी ट्रंक उघडून झबली, टोपडी, लंगोट काढून दिले. ती एकेक उचलत होती. तळाशी मायने शिवलेली दोन दुपटी होती, जुन्या पातळांची, सायीसारखी मऊ. तिने ती उचलली तेव्हा मी म्हणाले, "ती राहू द्या. लागतील."

"कोणाला?"

"मला."

म्हणून झाल्यावर मला कळलं की मी काय म्हणाले. बस, एवढंच. मला वाटायचं की ठरवणं म्हणजे एखादी मोठी गोष्ट असेल, आतून कौल येईल, भीती निघून जाईल, मन लख्ख होईल. तसं काही झालं नाही. भीती होती तिथेच होती. फक्त तिच्या शेजारी आता दोन दुपटी होती, आणि ती मला कोणाला द्यायची नव्हती. बाहेर ओट्यावर आत्याबाईंची कातर क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू झाली.

धंतोलीत डॉक्टरीणबाईंसमोर बसून मी या वेळी "बघते" म्हटलं नाही. सगळं सांगितलं. त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं.

"हे मागे का नाही सांगितलंत?"

"काय म्हणून सांगणार? याला काय म्हणतात तेच माहीत नव्हतं."

"पुष्कळ बायकांना होतं," त्या म्हणाल्या. "सांगत नाहीत. मला वाटतं, माझ्यासमोरून कितीतरी जणी अशाच उठून गेल्या असतील." मग म्हणाल्या, "पुन्हा होईलच असं नाही. होणारच नाही असंही मी सांगणार नाही. पण या वेळी आपल्याला माहीत असेल. बाळाला जेवढं बघू तेवढंच तुम्हालाही बघू."

खोटं आश्वासन त्यांनी दिलं असतं तर मी कदाचित उठून आले असते. त्यांनी दिलं नाही, म्हणून माझा विश्वास बसला. त्याच महिन्यात लूप काढला. दवाखान्यातून बाहेर पडले तर रस्त्यावर तालुक्या-तालुक्यांहून आलेली माणसं झाडांच्या सावलीत डबे उघडून बसली होती. मला इतकी भूक लागली होती की मी तिथेच उभी राहून दोन कचोऱ्या खाल्ल्या.

पुढच्या वर्षी पळस फुलला तेव्हा गौतमी झाली. या वेळी मी माहेरी गेले नाही, माहेरच माझ्याकडे आलं. माय कन्हानहून येऊन राहिली, मनोहरांनी सुट्टी टाकली. आत्याबाई तर मला काही जाणवू नये म्हणून इतक्या धडपडायच्या, की सगळं जाणवायचं. आभाळ भरून येतंय का म्हणून माणसं सारखी वर बघतात ना, तसे ते तिघं माझ्या तोंडाकडे बघायचे. आणि मी स्वतः आत बघत बसलेली. येतंय का? आलं का?

अजिबात आलं नाही असं म्हणणं खरं होणार नाही. काही संध्याकाळी भिंती जरा दूर सरकल्यासारख्या वाटायच्या, गौतमीचं रडणं लांबून यायला लागायचं. पण आता मी म्हणायची, "माय, आज बरं नाही वाटून राहिलं." एवढं एक वाक्य. माय हातातलं काम टाकून शेजारी येऊन बसायची. मनोहर बाळाला उचलून अंगणात न्यायचे. सुजाता येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवायची, कारण जागा रिकामी झालेली तिला आवडायची. कधी तासाभराने, कधी दुसऱ्या दिवशी भिंती आपल्या जागी परत यायच्या. तरीही कोणी निर्धास्त झालं नव्हतं. मीही नाही.

मग एक सकाळ आली. गवळी दारात हाक मारत होता, मनोहर झोपलेले, बाकीच्या आपापल्या कामात, म्हणून गौतमीला खांद्यावर टाकून पातेलं घेऊन मीच गेले. त्याने दूध ओतलं. मी पातेलं कलतं करून बघितलं. दुधातून तळाची कल्हई दिसत होती.

"काय हो, हे दूध आहे का तांदळाचं धुवण?"

"बाई, म्हैस आटत आली..."

"म्हैस आटली तं दूध कमी होते. पातळ कसं होते? म्हैस काय नळाखाली उभी राहते काय तुमची?"

तो काहीबाही सांगायला लागला. मी ऐकून घेतलं नाही. कलकत्त्याची लाइन खराब असताना मी ज्या आवाजात बोलायची, तो आवाज माझ्या गळ्यातून आपोआप बाहेर पडला आणि गल्लीच्या त्या टोकापर्यंत गेला. खांद्यावर गौतमी ढिम्म झोपलेली. आतून आत्याबाई आल्या. मला वाटलं, आता म्हणतील बाळंतिणीनं असं दारात ओरडू नये. त्या माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. थोडं ऐकलं. मग घराकडे तोंड करून, माझ्याहून मोठ्याने ओरडल्या,

"मनोहर! अरे उठ गा, आयक! भांडून राहिली! सुलोचना भांडून राहिली!"

मनोहर बनियनवरच धावत बाहेर आले. त्यांच्या मागे माय, पिठाच्या हातांची, हसते आहे की रडते आहे ते कळत नव्हतं. तिघं ओळीने उंबऱ्यात उभे राहून माझं भांडण कौतुकाने बघायला लागले. बिचाऱ्या गवळ्याला काही समजेना. त्याने घाबरून आणखी एक माप ओतलं, आणि मी ते पातेलं पुढे करून घेतलं.